नाक चोंदतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

नाक चोंदलं की हात आपोआप रुमालाकडे जातो. आपण शिंकरतो. थोडं पाणी येतं, कधी तेही येत नाही. मग आणखी जोर लावतो, कानांत दडे बसतात, डोळे भरून येतात आणि नाक जसंच्या तसं बंद. मनातलं चित्र असं असतं की नाक ही एक नळी आहे, तिच्यात शेंबडाचा बोळा अडकलाय आणि जोर लावला की तो निघेल. बहुतेक वेळा असा बोळा नसतोच. नळीच्या भिंती सुजून एकमेकींना टेकलेल्या असतात, आणि सुजलेली भिंत काही शिंकरून बाहेर पडत नाही.

एवढं ध्यानात आलं की पुढचं बरंच सोपं होतं. मग आपण ‘हे बाहेर कसं काढू’ असं विचारत बसत नाही, ‘हे सुजलंय कशामुळे’ असं विचारायला लागतो.

आतली रचना

नाकाच्या मधोमध एक उभा पडदा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बोगदे. प्रत्येक बोगद्याच्या बाहेरच्या भिंतीवरून तीन आडव्या वळकट्या आत झुकलेल्या असतात, एकीखाली एक. डॉक्टर त्यांना टर्बिनेट म्हणतात. प्रत्येकीत हाडाचा पातळ पत्रा, त्यावर ओलं अस्तर आणि अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. हे जाळं रक्ताने भरलं की वळकटी स्पंजासारखी फुगते, रिकामं झालं की ओसरते. सगळ्यांत खालची वळकटी सगळ्यांत मोठी, आणि नाक बंद पाडण्यात मोठा वाटा तिचाच.

ही व्यवस्था आपल्याला छळायला केलेली नाही. मोठा माणूस दिवसभरात साधारण दहा हजार लिटर हवा आत घेतो. फुफ्फुसांत पोचण्याआधी ती उबदार आणि ओलसर व्हावी लागते, आणि हे काम बहुतांशी नाकाच्या काही सेंटिमीटरांत उरकतं. रक्ताने भरलेल्या या वळकट्या म्हणजे नाकातला हीटर. अस्तरावर चिकट पाण्याचा थर असतो. धूळ आणि जंतू त्यात अडकतात आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक केस तो थर सतत घशाकडे ढकलत राहतात. तिथून तो आपण नकळत गिळतो. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण दिवसभर हेच चाललेलं असतं आणि पुढचं पोटातलं आम्ल बघून घेतं.

आता एक गंमत. तुमच्या दोन्ही नाकपुड्या आत्ता या क्षणी सारख्या मोकळ्या असण्याची शक्यता कमी आहे. थंड आरसा नाकाखाली धरून श्वास सोडा, वाफेचे दोन डाग उमटतील आणि बहुधा त्यांतला एक मोठा असेल. नाक आळीपाळीने काम करतं. एका बाजूच्या वळकट्या फुगतात, दुसरीकडच्या ओसरतात, आणि काही तासांनी पाळी बदलते. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली हे चक्र नोंदवलं. एकूण हवा साधारण तेवढीच जात असल्यामुळे निरोगी नाकात आपल्याला याचा पत्ताही लागत नाही. कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होते आणि कूस बदलली की बाजूही बदलते, यातही आजार काही नाही. आडवं झाल्यावर डोक्याकडच्या शिरांत रक्त जास्त साठतं, म्हणून दिवसा ठीक असलेलं नाक रात्री अंगाशी येतं.

या चक्रामुळे एक मजेशीर फसगत होते. समजा, पडदा उजवीकडे वाकलाय. उजवी बाजू कायमच अरुंद, तिची सवय झालेली. सगळा भार डावीवर. पण चक्राप्रमाणे डावीची पाळी आली आणि ती थोडी जरी फुगली, तरी श्वास एकदम कोंडतो. असा माणूस डॉक्टरांकडे जाऊन सांगतो, ‘माझी डावी बाजू बंद होते.’ म्हणजे तक्रार चांगल्या बाजूची!

आणखी एक फसवणूक मेंथॉलची. बाम हुंगला की नाक ‘उघडल्यासारखं’ वाटतं. हवा मोजून बघितली तर ती तेवढीच जात असते. नाकाच्या अस्तरात थंडावा ओळखणारे चेतातंतू असतात, आणि आत येणारी हवा गार लागली की मेंदू समजतो, रस्ता मोकळा आहे. मेंथॉल हेच तंतू चाळवतं. याची उलट बाजूही आहे. वळकट्या शस्त्रक्रियेत गरजेपेक्षा जास्त कापल्या गेल्या, तर क्वचित नाक आतून ऐसपैस असूनही माणसाला ते गच्च बंद वाटत राहतं. मेंथॉलने तात्पुरतं बरं वाटत असेल तर खुशाल वापरावं, फक्त त्याला इलाज समजू नये. आणि तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ ते अजिबात नेऊ नये.

सर्दी, आणि सर्दी नसलेली सर्दी

चोंदलेल्या नाकाला आपण सरसकट ‘सर्दी’ म्हणतो, तिथेच गोंधळ सुरू होतो. खरी सर्दी विषाणूंमुळे होते. अशा विषाणूंचे शंभराहून जास्त प्रकार आहेत, त्यामुळे एकदा झाली म्हणून पुन्हा होणार नाही असं नाही. घसा खवखवतो, मग नाक गळतं, मग चोंदतं, आणि सात ते दहा दिवसांत प्रकरण आटोपतं. मधल्या दिवसांत शेंबूड पिवळा-हिरवा होतो आणि लोक घाबरून अँटिबायोटिक मागतात. तो हिरवा रंग येतो आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका द्रव्यामुळे, आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही तो येतो. रंगावरून जिवाणू ओळखता येत नाहीत.

मग सायनसचा, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचा, जिवाणूंमुळे होणारा त्रास कधी समजायचा? दहा दिवस झाले तरी उतारच नाही, हे एक. सर्दी बरी होत आली होती आणि अचानक पुन्हा उलटली, ताप आला, चेहरा दुखायला लागला, हे दुसरं. किंवा सुरुवातीपासूनच तीन-चार दिवस ३९ अंश सेल्सिअसच्या वर ताप, घट्ट पू आणि चेहऱ्यात ठणका. यांपैकी काही असेल तर डॉक्टरांकडे जावं. एरवी वेळ हेच औषध.

दर सकाळी उठल्यावर शिंकांची माळ लागते, नाकातून पाणी गळतं आणि ही ‘सर्दी’ महिनोन्‌महिने चालते, तर ती बहुधा सर्दी नाही, ॲलर्जी आहे. मी एकच खूण लक्षात ठेवायला सांगेन: खाज. नाकात, टाळूला, डोळ्यांना, कानात आतवर खाज. विषाणूच्या सर्दीत अशी खाज फारशी नसते, आणि ॲलर्जीत ताप येत नाही. कारण बहुतेकदा हवेतलं काहीतरी असतं: परागकण, बुरशी, पाळीव जनावरांच्या कातडीचा कोंडा, आणि घराघरांत असणारे धुळीतले सूक्ष्म कीटक, म्हणजे माइट्स. आपल्या अंगावरून झडणाऱ्या कातडीवर ते जगतात, म्हणून गादी आणि उशी ही त्यांची आवडती जागा. चादरी-अभ्रे दर आठवड्याला साठ अंशांच्या आसपास गरम पाण्यात धुतले तर ते मरतात. नुसतं झटकल्याने फक्त उडतात, आणि झटकणाऱ्याच्याच नाकात जातात.

काही नाकं ॲलर्जी नसतानाही चिडकी असतात. गार हवेतून उबदार खोलीत आलं, अत्तराचा वास आला, धूर लागला, तिखट खाल्लं की लगेच गळतात किंवा चोंदतात. तपासण्यांत काही सापडत नाही. इथे दोष त्या वासात नसून रक्तवाहिन्यांना हुकूम देणाऱ्या नसांच्या हळवेपणात असतो, आणि म्हणूनच ॲलर्जीच्या गोळ्यांचा यांना फारसा उपयोग होत नाही.

थेंबांचा सापळा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण या सापळ्यात मी स्वतः अडकलो होतो.

झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन ही औषधं असलेले थेंब आणि फवारे सहज मिळतात. ते फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि काही मिनिटांत नाक असं उघडतं की जणू जादू झाली. अडचण नंतर येते. औषधाचा अंमल ओसरला की त्या वाहिन्या पूर्वीपेक्षा जास्त सैलावतात. नाक पुन्हा बंद, आधीपेक्षा घट्ट. आपण पुन्हा दोन थेंब टाकतो. हळूहळू थेंब टिकण्याचा वेळ कमी होतो, बाटली संपण्याचा वेग वाढतो, आणि मूळ सर्दी कधीच बरी झालेली असली तरी नाक आता औषधामुळेच बंद राहतं. माझी बाटली उशाशी असायची, दुसरी बॅगेत. बाटली विसरून घराबाहेर पडलो तर घाबरायला व्हायचं. नाकापेक्षा मोती जड झाला होता, पण मला वाटायचं, आपली सर्दीच हट्टी.

म्हणून नियम साधा आहे: हे थेंब तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे नाही. अडकलाच असाल तर सुटका एकच, बंद करणं. काही दिवस, कधी एक-दोन आठवडे वाईट जातात. काही जण आधी एकाच नाकपुडीत थेंब बंद करतात, म्हणजे निदान एका बाजूने रात्र निभते. ती मोकळी झाली की दुसरी. या काळात डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा फवारा सुरू करून देतात, त्याने सूज उतरायला मदत होते. माझ्या बाबतीत पहिल्या चार रात्री बसून काढाव्या लागल्या. मग एका पहाटे लक्षात आलं की आपण तोंड मिटून झोपलो होतो.

नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांचं वेगळंच. फेनिलेफ्रिन हे औषध सर्दीच्या असंख्य गोळ्यांत असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने एकमताने म्हटलं की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतल्यावर ते चोंदलेल्या नाकावर परिणामकारक ठरत नाही. स्यूडोएफेड्रिन काम करतं, पण रक्तदाब वाढवतं, झोप उडवतं. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय घेऊ नये.

‘नाकाचं हाड वाढलंय’

हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की नाकात रोज थोडं थोडं हाड उगवतं असंच वाटायला लागतं. बहुतेकदा त्याचा अर्थ दोहोंपैकी एक असतो: मधला पडदा वाकडा आहे, किंवा खालची वळकटी फुगून मोठी झालीय. पडदा थोडाफार वाकडा असणं इतकं सर्रास आहे की अगदी सरळ पडद्याचा माणूस शोधावा लागेल. त्यामुळे ‘पडदा वाकडा आहे’ एवढ्यावर शस्त्रक्रिया ठरत नाही. त्रास त्या वाकडेपणामुळेच होतोय का, आणि औषधांनी सूज उतरवूनही तो उरतो का, हे बघावं लागतं. वाकडेपणाचा त्रास वर्षानुवर्षं एकाच बाजूला आणि जवळजवळ कायम असतो. सुजेचा त्रास बाजू आणि वेळ बदलतो.

घरी एक गोष्ट करून बघता येते. गालाची त्वचा नाकाशेजारी दोन बोटांनी धरून हलकेच बाहेर ओढा. श्वास एकदम सुटा झाला तर अडचण नाकाच्या दाराशी, तिथल्या सगळ्यांत अरुंद भागात असू शकते. अशांना रात्री नाकावर चिकटवायच्या पट्ट्यांचा उपयोग होतो.

पॉलिप, म्हणजे नाकातले कोंब, हे फिकट रंगाचे, द्राक्षांच्या घडासारखे मऊ फुगवटे. ते दुखत नाहीत. बहुधा दोन्हीकडे असतात आणि हळूहळू वास घेण्याची शक्ती नेतात. दमा आणि ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकांची बाधा यांच्याशी त्यांचं नातं आहे, म्हणून पॉलिप असलेल्या दमेकऱ्याने डोकेदुखीची गोळीही विचारून घ्यावी. काढले तरी ते पुन्हा येऊ शकतात, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरही फवारा चालू ठेवावा लागतो.

नाकाशी संबंध नाही असं वाटणाऱ्या गोष्टीही नाक बंद करतात. रक्तदाबाची काही औषधं, प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅमसुलोसिनसारखी औषधं, सिल्डेनाफिल, थायरॉइडची कमतरता, दारू. गरोदरपणातही संप्रेरकांमुळे कित्येक आठवडे नाक चोंदतं आणि बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत आपोआप मोकळं होतं.

लहान मुलांचं नाक चोंदायला अनेकदा ॲडेनॉइड जबाबदार असतात. नाकामागे, घशाच्या वरच्या टोकाला असलेल्या या गाठी वाढल्या की मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, नाकात बोलतं. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल तर दुसरं काही शोधण्याआधी मणी, शेंगदाणा, स्पंजाचा तुकडा यांचा संशय घ्यावा. घरी चिमट्याने काढू नये, वस्तू आणखी आत जाते. घड्याळातला चपटा सेल गेला असेल तर उद्यावर टाकू नका, काही तासांत तो पडदा जाळू शकतो.

काय करायचं

मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे जलनेतीसारखा प्रकार, स्वस्त आहे आणि खरोखर उपयोगी आहे. ॲलर्जीचे कण आणि घट्ट स्राव वाहून जातात. एक लिटर पाण्याला सुमारे नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे पाव लिटरला चहाचा जेमतेम अर्धा चमचा. मीठ कमी पडलं तर झोंबतं, पोहताना नाकात पाणी गेल्यासारखं. मात्र पाणी थेट नळाचं कधीही नको. किमान एक मिनिट खळखळून उकळून कोमट केलेलं किंवा निर्जंतुक पाणी घ्या. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा पाण्यातून पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूपर्यंत पोचतो. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा त्याने मृत्यू झाला. असं क्वचितच घडतं, पण पाणी उकळायला कितीसा वेळ लागतो?

वाफ घेतल्याने थोडा वेळ हायसं वाटतं, आजार लवकर बरा होतो असं दिसलेलं नाही. मुलांना मात्र उकळत्या पाण्याच्या भांड्यासमोर बसवू नका, भाजण्याचे प्रकार त्यातूनच होतात.

ॲलर्जीने चोंदणाऱ्या नाकासाठी सगळ्यांत भरवशाचं औषध म्हणजे स्टेरॉइडचा नाकातला फवारा: फ्लुटिकासोन, मोमेटासोन, ब्युडेसोनाइड. ‘स्टेरॉइड’ शब्दाने दचकू नका, मात्रा अल्प असते आणि काम बहुतांशी नाकातच होतं. लोक दोन दिवस वापरून ‘काही फरक नाही’ म्हणत सोडून देतात, आणि हीच चूक. त्याला पूर्ण रंगात यायला दोनेक आठवडे लागतात, रोज घ्यावा लागतो. पद्धतही महत्त्वाची. मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीसाठी डावा हात, डावीसाठी उजवा, आणि टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर, कानाच्या दिशेने. पडद्यावर मारलात तर घोळणा फुटू शकतो. जोरात ओढू नका, औषध घशात जातं आणि नाक कोरडंच राहतं. सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन यांसारख्या गोळ्या शिंका आणि खाज छान थांबवतात, पण चोंदण्यावर त्यांचा जोर कमी. त्रास वर्षानुवर्षांचा असेल तर ॲलर्जीची लस हा मार्ग आहे, साधारण तीन ते पाच वर्षांचा.

रात्रीसाठी उशी उंच करा. आणि शिंकरताना एक नाकपुडी दाबून दुसरीतून हलकेच शिंकरा. दोन्ही दाबून जोर लावला की दाब कानांत आणि सायनसमध्ये जातो.

काही गोष्टींत मात्र घरगुती उपाय करत बसू नये. एकाच बाजूचा त्रास सतत वाढतोय आणि रक्तही येतंय. डोक्याला मार लागल्यानंतर एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ द्रव टपकतंय, विशेषतः पुढे वाकल्यावर. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान ताठरणं. तान्हं बाळ नाक बंद असल्यामुळे दूध पिऊ शकत नाही. पहिले काही महिने बाळं प्रामुख्याने नाकानेच श्वास घेतात, म्हणून त्यांचं साधं चोंदणंही साधं नसतं.

डॉक्टरांकडे जाताना चार गोष्टी लिहून न्या: कोणती बाजू, कधीपासून, सोबत काय होतं, आणि घेत असलेली सगळी औषधं, थेंबांच्या बाटलीसकट. तिथे गेल्यावर ते कदाचित एक साधी गोष्ट करतील. दुर्बिणीने आत बघतील, मग तेच वाहिन्या आवळणारं औषध एकदाच फवारतील, दहा मिनिटं बाहेर बसायला सांगतील आणि पुन्हा बघतील. वळकट्या ओसरून रस्ता उघडला असेल तर दुखणं सुजेचं आहे. काहीच हललं नसेल, तर तिथे हाड, कूर्चा किंवा कोंब आहे.